निवणं

कायानीच्या उष्णता-केंद्रात माझी नोकरी.
पाणी किती तापून निघालं, किती तापलेलं पोचलं,
आणि मधल्या नळांतून जे गेलं, त्याचा एक रकाना.
रकान्याचं नाव गळती.
साहेब दर वर्षी विचारतात, यंदा तरी शून्य?
मी म्हणतो, यंदा कमी.

हे मला आउने मोइलानेन यांनी शिकवलं, आठवीत.
वर्गात त्या बटणांचा डबा घेऊन यायच्या.
निळी या बाजूला, पांढरी त्या, वर झाकण.
हलवा म्हणाल्या. हलवला.
आता निळी निळ्यांत परत जाईपर्यंत हलवा.
आळीपाळीने हलवला, दंड भरून आले,
मधली सुट्टी गेली.
"डब्याची चूक नाही रे.
नीट राहायची तऱ्हा एक,
पसरायच्या तऱ्हा मोजता मोजता म्हातारे व्हाल.
मुद्दाम कोणी बिघडवत नाही.
मोजदादच तशी आहे."

त्यांचा भाऊ विल्हो चर्चची घंटा वाजवायचा.
तो विचारी, मग पहिल्यांदा डबा लावून कोणी दिला?
"ते पुस्तकात नाही. कॉफी घे."

त्या शनिवारी सौना तापत घातला होता.
बाहेर उणे सव्वीस.
ओइवा सरपण आणायला गेला
आणि ओंडक्यांपाशी बसला, तो बसलाच.
आम्ही त्याला आतल्या बाकावर आणला.
जुनी माणसं तिथेच जन्मायची,
तिथेच शेवटचं न्हायची.
बाईंनी विस्तव ओढून टाकला, दार लोटलं,
आणि कोपरापर्यंत बाह्या सारून त्याला धुतला,
बोटांच्या बेचक्यांसकट, घाई न करता.
खोली उतरत गेली.
कधीतरी त्याचा हात, बाकाची फळी, बादलीतलं पाणी,
सगळं एकसारखं लागू लागलं.
कोण कोणाला ऊब देतंय कळेना,
मग कोणीच देईना.
"समान झालं की देवघेव थांबते," त्या म्हणाल्या.
"शिकवलंय मी तुला हे."
थोड्या वेळाने, बादलीकडे बघत:
"निवला."

नंतर त्याचे सदरे फाडले. टर्र, टर्र,
हिवाळाभर त्या घरातून दुसरा आवाज नव्हता.
चिंध्यांची रंगवार भेंडोळी, मागावर चटई:
मासेमारीचा करडा, लग्नाचा पांढरा,
मग पुन्हा करडा, बराच वेळ करडा.
औलूहून संग्रहालयाच्या एक बाई आल्या,
म्हणाल्या, विस्कळीतपणावर ही कलेची मात.
"मात कसली? हिशेब करा.
सतरा सदरे. राईच्या भाकऱ्या, नव्वद तरी.
कॉफी मोजलीच नाही.
बर्चच्या लाकडाचे दोन ढीग धुराड्यातून गेले.
इथे चार हात कापड सरळ झालं,
तिथे आभाळ त्याहून जास्त विस्कटलं.
जास्त. बरोबरीतसुद्धा नाही."
चटई विकली नाही.
दारात अंथरली, बर्फाळ बुटांखाली.

रात्रपाळीला काट्यांसमोर बसलो की
ते 'जास्त' आठवतं.
म्हणे शेवटी सगळंच कोमट होणार,
तारे, समुद्र, हे केंद्र, माझा रकाना.
कोमट आणि सारखं.
कोणी कोणाकडे हात पुढे करावा
असं कारण उरणार नाही.
भीती वाटते का? वाटते.
साहेबांना सांगता येत नाही.

पण अजून फरक आहे.
परवा शनिवारी गेलो तर
आत ऐंशी, बाहेर उणे अठरा,
मध्ये एक लाकडी दार, बिजागरीत किंचित वाकलेलं.
विल्हो वरच्या बाकावर घामाने लाल,
डब्याचा प्रश्न पुन्हा विचारत होता.
बाईंनी तापल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं.
आम्ही तिघेही गप्प झालो.

मी निघालो तेव्हा अंधार.
बाई पुढे, हातात आदल्या वेळची राखेची बादली,
उतारावरच्या काचेसारख्या वाटेवर
मुठीमुठीने राख पसरत.
सारखी नाही पसरत त्या.
जिथे घसरतं तिथे जास्त.
मी त्यावरून खाली आलो.
पाय सरकला नाही.